कारण लिहिल्याशिवाय चावी नाही

गॅरेजच्या बाकावर बसलेल्या माणसाला दुसरं कामच नसतं. गाडी जॅकवर, चाक जमिनीवर, घरी जायला वाहन नाही. मग बोलायचं! बाबल मेस्तच्या गॅरेजमधल्या फणसाखालच्या बाकावर मी गेली पंधरा वर्षं बसतोय, आणि तिथे ऐकलेलं काही विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. बायको म्हणते, "सर्व्हिसिंग सहा महिन्यांनी असते ना? मग तुम्ही दर शनिवारी कसे जाता?" मी चावी उचलतो आणि निघतो.

गॅरेज आमच्या हळर्णच्या फाट्यावर. पत्र्याची शेड, एक खड्डा आणि मागच्या भिंतीवर ओळीने खिळे. प्रत्येक खिळ्याला तांदळाचं एक जुनं पोतं, त्यावर गाडीचा नंबर. गाडीतून काढलेला खराब पार्ट बाबल फेकत नाही. त्याला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो आणि त्या गाडीच्या पोत्यात टाकतो. चिठ्ठी मात्र गाडीच्या मालकाने स्वतःच्या हाताने लिहायची. तारीख, किलोमीटर, काय बदललं, आणि शेवटी 'कारण'. कारणापुढे खरं लिहायचं. तोवर चावी बाबलच्या खिशात!

दुसरा नियम असा की ज्याचं पोतं त्यानेच उघडायचं. बाबल दुसऱ्याला दाखवत नाही आणि त्यातलं बोलतही नाही.

हे सगळं आता सांगायचं निमित्त म्हणजे सुरेखा वहिनींची गाडी. आमचे शाळेतले सुधाकर सर दोन वर्षांमागे गेले, त्यांच्या ह्या पत्नी. सरांची तेरा वर्षांची पांढरी गाडी दारात उभी. वहिनींची आई मांद्र्याला अंथरुणाला खिळलेली आणि तिथे जायला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. वहिनींकडे लायसन आहे, पण क्लचची गाडी त्यांना जमत नाही, असं सगळ्या गावाला माहीत. म्हणून त्यांना जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देऊन ऑटोमॅटिक घ्यायची होती. म्हापशाच्या शोरूमवाल्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सांगितलं, "फ्री सर्व्हिसिंगनंतरचं रेकॉर्डच नाही मॅडम." आणि किंमत अशी पाडली की वहिनींचा ऑटोमॅटिकचा बेतच बारगळला.

त्यांचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण आधी बाबल कळायला हवा.

*

बाबल पूर्वी डिचोलीला खाणीच्या ट्रकांवर मेकॅनिक होता. चिठ्ठीची सवय तिथली. तिथे रोज कुठल्यातरी ट्रकाच्या स्प्रिंगचा पाटा मोडायचा, गिअर तुटायचा, आणि ड्रायव्हरला विचारलं की एकच उत्तर, "आपोआप!"

एक दिवस बाबल वैतागला आणि त्याने ड्रायव्हरच्या हातात पेन दिलं. "तोंडान सांगू नको. लिव."

तोंडाने बिनधास्त खोटं बोलणारा माणूस हातात पेन आलं की अडखळतो, हा बाबलचा शोध! महिन्याभरात निम्मे पाटे मोडायचे थांबले म्हणे. खाणी बंद पडल्या, बाबल इकडे आला, चिठ्ठी सोबत घेऊन आला.

अजूनही कुणी कारणापुढे 'आपोआप' लिहिलं की बाबल चिठ्ठी परत देतो.

"गाडयेत आपोआप एकच गोष्ट होता. गंज!"

*

आता माझी फजिती. मी एकदा बाबलशी बेइमानी केली होती. नवीन गाडी घेतली तेव्हा बाबलनेच सांगितलेलं, "वॉरंटी आसा तवसर म्हज्याकडे येव नको. थंयच जा. हक्काचा आसा ता सोडू नये." दुसरा कोण असं सांगेल? पण वॉरंटी संपल्यावरही मी शोरूमलाच जात राहिलो. तिथे एसी, कॉफी, टीव्ही. बाकापेक्षा सोफा बरा!

एकदा मागून आवाज यायला लागला. खड्डा आला की 'खण्ण'. शोरूमने तीन पानी एस्टिमेट दिलं. सस्पेन्शन, बुश, शॉकअप, आणि त्यात मला न समजणाऱ्या सात गोष्टी. आकडा वाचून मी कॉफी अर्धी ठेवली आणि गाडी बाबलकडे आणली.

बाबल मागच्या सीटवर बसला. "चलव." मी फाट्यापर्यंत नेली. त्याने डोळे मिटले होते. परत आलो तर उतरून थेट डिकी उघडली, स्टेपनी उचलली आणि खालून विळी काढली. आमच्या घरची! तीन महिन्यांमागे बायकोने धार लावून आणायला दिलेली. घरात त्या विळीवरून कामवालीची झडती घ्यायचीच काय ती बाकी राहिली होती.

चिठ्ठी लिहावीच लागली. 'काय बदललं: काही नाही. कारण: बायकोने सांगितलेलं विसरलो.'

"किती झाले, बाबल?"

तोवर त्याने ग्राइंडरवर विळी घासून चकचकीत केली होती. "आवाजाचे काय नाय. धारेचे पन्नास."

*

मांद्र्याचा गुरुदास टॅक्सी चालवतो आणि दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतो. माणूस लाख, पण पर्यटकाने कौतुक केलं की वाहवत जातो. एका शनिवारी गाडी घेऊन आला तेव्हा पुढचं चाक रडत होतं. बेअरिंग गेलेलं. बाबलने काढलं, गुरुदासने पटापट चिठ्ठी लिहिली. 'कारण: पाऊस.'

आम्ही बाकावर चौघे होतो. बाबलने चिठ्ठी वाचली. मग बेअरिंग उचललं, बोट फिरवलं आणि जिभेला लावलं!

"गुरुदास, मांद्र्याचो पाऊस कधीपासून खारट झालो?"

गुरुदासचा चेहरा बघण्यासारखा होता. रील काढायला पर्यटकांनी गाडी रेतीवरून लाटेत घालायला लावली होती. त्याने निमूटपणे 'पाऊस' खोडून 'समुद्र' लिहिलं. बाबल चावी देईना. शेवटी गुरुदासने 'समुद्र' पण खोडला आणि लिहिलं, 'हौस.'

चावी मिळाली.

*

आमच्या गावच्या डॉक्टरांची सर्व्हिस-पुस्तिका देवघरात ठेवावी अशी. प्रत्येक पानावर शिक्का, सही, तारीख. ते बाबलकडे एरवी फक्त पंक्चरला येत. एकदा बाबलने पंक्चर काढता काढता सहज बॉनेट उघडलं आणि एअर फिल्टर बाहेर काढला. फिल्टरच्या कडेला ऑइलपेंटचा लाल ठिपका.

हा ठिपका बाबलचा. तो नवीन फिल्टर बसवला की लावतो. म्हणजे दीड वर्षापूर्वी, डॉक्टर रस्त्यात अडले असताना त्यानेच बसवलेला फिल्टर अजून तिथेच, मातीने भरलेला!

"शक्यच नाही," डॉक्टर म्हणाले. "दोनदा बदललाय. हे बघ, शिक्का."

"दोतोर, शिक्को पुस्तकाक मारलो. फिल्टराक कोणी हात लायलो नाय."

डॉक्टर शोरूममध्ये जाऊन भांडले, तिथल्या मॅनेजरने माफी मागून फिल्टर फुकट बदलून दिला. तो जुना फिल्टर मात्र डॉक्टरांनी स्वतः बाबलकडे आणला आणि चिठ्ठी लिहिली, 'कारण: बॉनेट कधी उघडलंच नाही.' तेव्हापासून त्यांचंही पोतं भिंतीवर आहे.

*

तुम्ही म्हणाल, बाबल दुसऱ्यांना कबुल्या द्यायला लावतो, स्वतःचं काय?

शेडमध्ये शिरताच समोरच्या खांबावर एक चिठ्ठी टांगलेली आहे. तिच्यासोबत एक नट. एकदा ऑइल बदलल्यावर बाबलने खालचा नट पुरता आवळला नाही. गाडी इब्रामपूरपर्यंत गेली, सगळं ऑइल रस्त्यावर, इंजिन जाम. गिऱ्हाईक बिचारं म्हणत होतं, दगड लागला असेल. बाबलने गाडी ओढून आणली, पदरचे पैसे घालून इंजिन बांधून दिलं, आणि चिठ्ठी लिहायला बसला. 'कारण: बाबल. मोबाईलवर बोलत होतो.'

पोत्यात नाही टाकली, सगळ्यांना दिसेल अशी टांगली. त्या दिवसापासून हातात पाना असताना बाबल फोन उचलत नाही. मुख्यमंत्र्यांचा आला तरी वाजत राहील. मला विचाराल तर आमच्या तालुक्यातलं सगळ्यात भरवशाचं सर्टिफिकेट त्या खांबावर आहे.

*

आता सरांची गाडी.

नऊ वर्षांमागे तिची क्लच प्लेट गेली तेव्हा मी बाकावरच होतो. सुधाकर सर शेजारी बसून पातळभाजी-पाव खात होते. म्हणाले, "अहो, आमच्या हिचा पाय! नुकतं लायसन मिळालंय. क्लचवरून पाय काढतच नाही. प्लेट जाईल नाहीतर काय!" सगळे हसले, मीही हसलो. काम झाल्यावर सरांनी चिठ्ठी घेतली, आमच्याकडे पाठ केली आणि लिहिली. बाबलने वाचली, सरांकडे एकदा बघितलं आणि चावी दिली.

वहिनींनी त्यानंतर गाडीला हात लावला नाही. लायसन रिन्यू करत राहिल्या, बसने फिरत राहिल्या. कुणी विचारलं की स्वतःच सांगायच्या, "मला क्लच जमत नाही हो. ह्यांची प्लेट घालवली मी."

शोरूमने रेकॉर्ड नाही म्हटल्यावर वहिनींनी बाबलला फोन केला. बाबल म्हणाला, "रेकॉर्ड? पोतां आसा!" दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवून तो स्वतः निघाला. गाडी मी चालवली, वहिनी शेजारी, बाबल मागे पोतं मांडीवर घेऊन.

जुन्या गाड्यांची किंमत ठरवणारे साहेब टाय लावून बसले होते. बाबलने पोतं वहिनींच्या हातात दिलं, वहिनींनी ते काचेच्या टेबलावर उघडलं. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, फॅन बेल्ट, इतक्या वर्षांचं सामान! साहेबांनी आधी नाकाला रुमाल लावला. मग एक चिठ्ठी वाचली. मग दुसरी. मग खुर्ची पुढे ओढून मोठ्याने वाचायला लागले.

"ब्रेक पॅड. कारण: उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवत होतो." साहेब हसले. "मॅडम, असं रेकॉर्ड आमच्या सिस्टीममध्येसुद्धा नाही!" त्यांनी आत जाऊन मॅनेजरशी बोलून किंमत वाढवून आणली. ऑटोमॅटिक बसत होती! वहिनींनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी. मांद्र्याची आई दिसत असणार त्यांना.

साहेबांनी आता गमतीने शेवटचा, सगळ्यात मोठा पार्ट उचलला.

"क्लच प्लेट. कारण: मी. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची माझी खोड. घरी सुरेखाचं नाव सांगितलं आहे."

साहेबांनी चिठ्ठी घाईने खाली ठेवली.

"परत वाचा," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी परत वाचलं, या वेळी हळू.

वहिनी बाबलकडे वळल्या. "बाबल, तुला ठाऊक होतं?"

"पोतां सरांचा होता, वयनी."

"नऊ वर्षं?"

"आता ता तुमचा झाला. म्हणान तर तुमच्या हातात दिलंय."

वहिनी बराच वेळ त्या प्लेटवरून हात फिरवत बसल्या. मला वाटलं रडणार. पण त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "आज असते ना, तर रात्रीचं जेवण मिळालं नसतं!" मग सगळे पार्ट एकेक करून पोत्यात भरले आणि माझ्यापुढे हात केला. "भावजी, चावी."

साहेब घाबरले. "मॅडम, किंमत अजून थोडी बघतो. आणि ऑटोमॅटिकला क्लच नसतो, तुम्हाला तेच सोयीचं..."

"मला क्लच येतो," वहिनी म्हणाल्या.

आधी शोरूमच्याच आवारात तासभर फिरवली. गाडी तीनदा बंद पडली. म्हापशाच्या गर्दीतून मी काढली, पुढे रस्ता मोकळा झाला तशी वहिनींनी मला सीटवरून उठवलं. बाबल मागे डोळे मिटून. गॅरेजच्या अलीकडे चढ आहे, तिथे नेमकी पुढची बस थांबली. माझा पाय आपसूक नसलेला ब्रेक दाबत होता. वहिनींनी हँडब्रेक ओढला, बस सुटेपर्यंत थांबल्या, आणि गाडी वर घेतली. एक इंचही मागे गेली नाही.

बाबलने डोळे उघडले नाहीत, फक्त मान डोलावली.

गॅरेजमध्ये आम्ही दोघे उतरलो. चावी लावलेलीच होती, तरी वहिनींनी ती काढून बाबलच्या हातात दिली. "चिठ्ठी दे."

"वयनी, काय बदललाच नाय. चिठ्ठी कित्याक?"

"दे म्हणते ना."

बाबलने खिशातून पुठ्ठा काढला. वहिनींनी बॉनेटवर ठेवून लिहिलं. तारीख, किलोमीटर. 'काय बदललं: ड्रायव्हर.' कारणापुढे पेन थोडा वेळ थांबलं आणि मग त्यांनी टोपण लावलं.

बाबलने चिठ्ठी वाचली. कारण कोरं. ते पोत्यात आधीच होतं, सरांच्या अक्षरात. त्याने ती पोत्यात टाकली, पोतं खिळ्याला अडकवलं आणि चावी दिली. वहिनींनी गाडी वळवली ती सरळ मांद्र्याच्या रस्त्याला.