पांढरीपेक्षा चॉकलेटी बरी

चहा आधी संपवून टाका. कारण पुढचं ऐकताना तुम्ही हसणार, आणि गरम चहा नाकात गेला तर मला दोष द्याल. तसाही या प्रकरणात सगळा दोष माझाच आहे, आणखी कशाला वाढवू?

मी तेव्हा ब्रह्मपुरीला ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायचो. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. शिकवायचो भूगोल, पण बोलायचो गाड्यांवर. कॉलेजच्या वाचनालयात मोटारींचं एक इंग्रजी मासिक यायचं, तेही दोन-तीन महिने शिळं. ते मी सोडून कोणी उघडायचं नाही. झालं! सस्पेन्शन, पिकअप, रोड होल्डिंग... टपरीवर मी असे शब्द सोडायचो, की समोरच्याच्या हातातली खारी चहात पडायची.

आणि मला गाडी चालवता यायची का? यायची ना! मेव्हण्याचा ट्रॅक्टर मी तीन हंगाम चालवला होता. लायसन होतं. ते कसं मिळालं ते विचारू नका.

तर आमचे डॉक्टर टेंभुर्णे. भला माणूस. पंधरा वर्षं स्कूटरवर खेड्यापाड्यांत फिरून त्यांची कंबर कामातून गेली होती. एक दिवस म्हणाले, "सर, आता गाडी घेतोच. पण ॲम्बेसेडर नको, मोठी होते. फियाट सगळ्यांकडेच आहे. काही तरी आटोपशीर, पण आरामाची."

त्याच सुमाराला नागपूरच्या एका एजन्सीनं दोन कंपन्यांच्या दोन नव्या गाड्या आठवडाभरासाठी चंद्रपूरला आणल्या होत्या. दोन्ही छोट्या, दोन्ही ऐषआरामी. 'या, चालवून बघा आणि मग ठरवा.' तेव्हा असं कोणी म्हणत नव्हतं हो! तेव्हा गाडीसाठी नंबर लावायचा आणि पोरगं कॉलेजात जाईस्तोवर वाट पाहायची.

"तुमी चला संगं," डॉक्टर म्हणाले. "तुमी सांगाल ती घेतो."

बघा! आयुष्याच्या कमाईतली गाडी, आणि निवड माझ्यावर. माझी छाती एवढी फुगली, की शर्टाचं वरचं बटण लागेना.

सकाळच्या एसटीनं चंद्रपूर गाठलं. एका लॉजच्या पटांगणात एजन्सीचा तंबू होता. मॅनेजर टाय लावून उभा. आधी चॉकलेटी गाडी दाखवली. डॉक्टर मागे, मॅनेजर बाजूला, स्टेअरिंगवर मी. गावात एक चक्कर मारली आणि खाली उतरून मी डोळे मिटले.

"काय झालं?" डॉक्टरांनी घाबरून विचारलं. शेवटी डॉक्टर ते!

"अनुभवतो आहे," मी म्हणालो. "मुलायम! इंजिन आहे की नाही ते कळत नाही."

वहीत तसं लिहूनही घेतलं. आता दुसरी गाडी. तेवढ्यात लॉजमधून एक जण धावत आला. कुणाचा तरी ड्रायव्हर जुलाबांनी आडवा झाला होता. डॉक्टर लगेच बॅग घेऊन आत पळाले.

मॅनेजर मला म्हणाला, "सर, तोवर तुम्ही पांढरी बघून घ्या. बाहेर उभी आहे, किल्ली आतच आहे. आमचा माणूस येईल सोबत."

मी बाहेर आलो. कडुनिंबाखाली पांढरी गाडी उभी. तोंडावर झेंडूचा हा मोठा हार. आत मखमली कव्हरं, खिडक्यांना जाळीचे पडदे. मी म्हटलं, वा! कंपनीनं सजवायला काही कमी ठेवलं नाही. मागच्या सीटवर पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी असे एक म्हातारे बसलेले. मांडीवर पेढ्यांचा डबा.

कंपनीचा माणूस असा असतो का? आता तुम्हाला प्रश्न पडतो. मला नाही पडला.

"निघायचं का भाऊ?" मी विचारलं.

"निघ ना बाप्पा! केव्हाचा बसून राह्यलो मी."

मी निघालो.

"कुठवर जायचं?"

"वरोऱ्याले."

"वरोऱ्याला? एवढ्या लांब?"

"मंग? मले अर्ध्यातच उतरवतं का? अन् आयक, बाराच्या आत पोचवशीन तर मानलं तुले."

काय कंपनी आहे! मी मनात म्हटलं. दुसरी कंपनी गावातल्या गावात फिरवते, हे पन्नास किलोमीटर देतात, वर वेळ लावून. आपल्या गाडीवर केवढा विश्वास! पण मीही कच्चा परीक्षक नव्हतो. पडोलीचा नाका सोडला आणि सुरू झालो.

"भाऊ, खरं सांगू? ही गाडी जड चालते."

"हं."

"गियर अडखळतो. स्प्रिंगा कच्च्या. इंजिन तर असं घरघरतं, जसं काही दमेकरी."

म्हातारबुवा पुढे सरकले. "चांगल्या गाडीले काऊन नावं ठेवून राह्यला बे?"

"चांगली? अहो, ही घेणारा माणूस डोक्यानं अधूच असला पाहिजे!"

"मी घेतली," ते म्हणाले.

मी खो-खो हसलो. "तुम्ही तसंच म्हणणार हो! तुमचं कामच आहे ते."

आरशात पाहिलं, तर ते माझ्या मानेकडे एकटक बघत होते.

ताडाळीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. मासिकात लिहिलं होतं, ब्रेकची परीक्षा वेगातच घ्यावी. घेतली! गाडी कच्चकन थांबली. मागून डबा उडाला, पेढे उडाले, एक पेढा माझ्या कॉलरमध्ये शिरला आणि काळी टोपी थेट माझ्या बाजूच्या सीटवर येऊन बसली.

"काय झालं? ढोर आलं का आडवं?"

"नाही हो. ब्रेक लागतो का ते पाहत होतो."

"पाहत होतो?" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "म्हंजे इतका येळ तुले मालूमच नोहोतं, लागते का नाई?"

"म्हणून तर लावून पाहिला!"

मग मागून अगदी हळू प्रश्न आला, "बापू, किती वर्सं झाले तुले गाडी चालवून?"

"अशी? अशी आजच पहिल्यांदा."

"अन् याच्या आंधी?"

"ट्रॅक्टर."

आरशात पाहिलं, तर त्यांनी दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरला होता. भांदकला पोचलो, तसा त्यांनी एक हात सोडला, भद्रनागाच्या देवळाच्या दिशेनं कपाळाला लावला आणि लगेच परत दांडा धरला. डोळे मात्र वरोरा येईस्तोवर मिटलेलेच होते. मला वाटलं, माझ्यासारखंच अनुभवत असतील.

बाराला दहा कमी असताना वरोऱ्यात एका मांडवापुढे गाडी थांबली. बायका ओवाळायची ताटं घेऊन धावल्या. सनई सुरू झाली. आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला वाटलं, की आज एजन्सीच्या वरोरा शाखेचं उद्घाटन दिसतंय!

म्हातारबुवा उतरले. जमीन पक्की आहे ना, ते चपलेनं दाबून पाहिलं आणि मोठ्यानं ओरडले, "या डायवरले आंधी जेवू घाला रे! अन् दुसरा कोनी गाडी चालवनारा पाहा, मी काई याच्या संगं वापस नाई जात."

"ड्रायव्हर?" मी उखडलो. "अहो, मी प्राध्यापक आहे! ही गाडी चालवून बघायला आलोय. तुम्ही कंपनीचेच ना?"

"कोनती कंपनी? माही मूल गावात धानाची गिरनी आहे! ही माही गाडी! आज माह्या नातीचं साक्षगंध आहे इथी!"

सनईवाला थांबला. बायकांच्या हातातली ताटं थांबली. मीच थांबू शकत नव्हतो. 'पण किल्ली तर आतच होती!' असं आपला म्हणतच राहिलो.

मग एकेक धागा सुटला. म्हाताऱ्यांचं नाव नत्थुभाऊ. आठवड्यापूर्वीच त्यांनी ही गाडी घेतली होती. सकाळी साक्षगंधाला, म्हणजे नातीच्या साखरपुड्याला निघाले आणि चंद्रपुरात त्यांच्या ड्रायव्हरचं पोट बिघडलं. हो, तोच तो, ज्याला आमचे डॉक्टर तपासत होते! मॅनेजर नत्थुभाऊंना म्हणाला, 'तुम्ही गाडीत बसा, आमचा ड्रायव्हर पाठवतो.' आणि गेलो मी. एजन्सीची पांढरी गाडी लॉजच्या दुसऱ्या दाराशी उभी होती, आणि तिच्यात त्यांचा माणूस माझी वाट बघत बसला होता.

शेजारच्या दुकानातून चंद्रपूरला फोन लावला. पलीकडे हलकल्लोळ! कुणी तरी गाडी आणि म्हातारा, दोन्ही पळवले म्हणून मॅनेजर पोलिसात निघालेला. आणि चोर डॉक्टरांसोबत आला होता म्हणून डॉक्टरांना खुर्चीवर बसवून ठेवलेलं. नत्थुभाऊंनी माझ्या हातून फोन घेतला.

"चोर नाई जी हा. चोर असता तं असा इतका बोलला असता का? वेळेत आनून सोडलं मले. त्या डॉक्टर साहेबाले सोडा तुमी."

अहो, एवढं होऊन त्या माणसानं मला पाटावर बसवून जेवू घातलं. आग्रह करून दोनदा वाढलं. नात पाया पडायला आली, तर तिला म्हणाले, "याच्याईच पाया पड. याच्या हातून वाचलो मी, हेच तुह्या नशिबाचं." मी निघताना जवळ येऊन म्हणाले, "नौकरी पायजेन तं ये माह्याकडं. फकस्त तोंड बंद ठेवा लागन."

संध्याकाळी त्यांच्या पुतण्यानं मला मोटरसायकलवर चंद्रपूरला आणून सोडलं. डॉक्टर पायरीवर बसले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते केविलवाणं बघत म्हणाले, "सर, झालं ते झालं. मी चॉकलेटीत मागं बसलो तेवढंच, काही चालवलं नाही. पण तुमी तर दोनी चालवल्या, पांढरी नत्थुभाऊंची असली म्हणून काय झालं! आता सांगा, कोणती घेऊ?"

इथे गप्प बसायला हवं होतं. नत्थुभाऊंनी तेवढं सांगितलं होतं. पण इज्जत परत मिळवायची हीच वेळ! मी वही काढली, मॅनेजरलाही जवळ बोलावलं आणि घसा साफ केला.

"डॉक्टर, तुलनाच नाही! चॉकलेटी गाडी म्हणजे लोणी. पांढरी म्हणजे बैलबंडी. चॉकलेटीचा गियर बोटानं पडतो, पांढरीचा दंडानं. चॉकलेटीचं इंजिन कळत नाही, पांढरीचं इंजिन ऐकून मांडवातली सनई थांबली. शंभर वेळा विचारलंत तरी सांगेन, चॉकलेटी घ्या!"

मॅनेजरनं टाय सैल केला. कितीदा तरी खाकरला.

"सर, त्या दोन्ही एकच गाड्या आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे एकाच कंपनीची, एकच मॉडेल. नत्थुभाऊंनी आमच्याचकडून घेतली. फक्त रंग वेगळा, कव्हरं वेगळी. दुसऱ्या कंपनीची गाडी तुम्ही अजून पाहिलीच नाही. मागं नाव लिहिलेलं असतं, सर."

मागे कोण बघतो हो? आणि पुढून बघावं, तर तिथे झेंडूचा हार!

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं. आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. दुखरी कंबर धरून पायरीवर आडवे झाले, डोळ्यांतून पाणी. लॉजमधून तो जुलाबांचा ड्रायव्हर उठून बघायला आला, की आता डॉक्टरला काय झालं!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही गाड्या स्वतः चालवल्या, दहा मिनिटांत निर्णय घेतला आणि मी चालवलेलंच मॉडेल ठरवलं. रंग त्यांच्या बायकोनं निवडला. पांढरा.

पुढे किती तरी वर्षं मी त्या गाडीतून फिरलो. दर वेळी दार लावून घेतलं, की डॉक्टर गाडी सुरू करायचे आणि अगदी गंभीरपणे विचारायचे, "काय सर, आज कशी वाटून राह्यली? चॉकलेटीसारखी का पांढरीसारखी?"

मी खिडकीतून बाहेर बघायचो आणि म्हणायचो, "रंग छान आहे."