मीठ शेवटी

"मीठ पानं मांडल्यावर," असं म्हणून काकू मिठाच्या बरणीवर तळहात ठेवायच्या. काकडी विळीवर बारीक चोचवून, पिळून झालेली असायची, दाण्याचं कूट पडलेलं, वर ओलं खोबरं, तुपात तडतडलेलं जिरं आणि मिरची. तरी बरणीवरचा हात निघायचा नाही. माणसं पाटावर बसली की मगच. "आधी घातलं की पाणी सुटतं. मग काकडी नुसती रडत बसते."

गिरगावात, खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाला आमची चाळ होती आणि माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत काकूंची खाणावळ. मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. कामं मांडून, एकेक खोडत जाण्याची मला तेव्हापासून सवय. संध्याकाळच्या कामांत एक काम ठरलेलं असायचं: काकूंकडे वाढणं. स्वयंपाकघर आणि पंगत या दोन्हींच्या मधे उभं राहणाऱ्याला फार दिसतं. तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर तुम्हाला हे सांगायला नको.

काकूंचा दुसरा नियम पहिल्यापेक्षा कडक होता. जेवायला बसलेल्या माणसाला पानावरून उठवायचं नाही. शत्रू असला तरी नाही.

आणि शत्रू रोज संध्याकाळी यायचा.

आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. एका कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. बिऱ्हाड एकट्याचं, म्हणून काकूंकडे जेवायचे. काकूंच्या मुलाला, वसंताला, आपल्या हाताखाली तात्पुरत्या जागेवर त्यांनीच चिकटवलं होतं. पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली, वसंता मोर्चात गेला आणि गुडघ्यावर लाठी खाऊन आला. इस्पितळात पडून असतानाच कळलं की नोकरी गेली. मोर्चात होता, असं साहेबांनीच वर कळवलं होतं.

त्या दिवशीही साहेब जेवायला आले. पाटावर बसले, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम, काकू. मनाला लावून घेऊ नका. कोशिंबीर वाढा."

काकूंनी वाढली. आत आल्या आणि मला म्हणाल्या, "पाय कसा आहे, एवढंसुद्धा विचारलं नाही गं मेल्यानं." डोळ्यांत पाणी नव्हतं. विळी धुवायला घेतली. "एक तर विचारील, नाहीतर स्वतःच्या पायानं उठून जाईल. मी उठवायची नाही."

साहेबांना पित्ताचा त्रास होता. डॉक्टरांनी कधीचं हलकं खायला सांगितलं होतं, ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी पंगतीत, चारचौघांसमोर विचारलं, "डॉक्टर काय म्हणालेत हो तुम्हाला?"

"हलकं खा म्हणतात. पण तुमच्या हातची खमंग काकडी समोर असताना..."

"छे छे. नियम म्हणजे नियम."

आणि सूड सुरू झाला. पहिल्यांदा फोडणी गेली. मग खोबरं गेलं. मग दाण्याचं कूट. उरली काकडी आणि लिंबू. तिच्यात काकू दुपारीच मीठ घालायच्या. दुपारी! ज्या बाईनं मला चिमूटभर मिठासाठी चार माणसांत झापलं होतं, ती बाई. संध्याकाळपर्यंत वाटीत पाणी आणि पाण्यात काकडी. साहेबांच्या शेजारच्या पानावर मात्र तुपा-जिऱ्याचा घमघमाट. मी मुद्दाम शेजारच्याला आग्रह करायची. "घ्या ना, अजून एक चमचा." साहेब माझ्या हातातल्या पातेल्याकडे पाहायचे. मला फार बरं वाटायचं.

पण साहेब उठेनात. उलट भलतंच झालं. त्यांचं पित्त थांबलं. पोट उतरलं, चेहऱ्यावर तजेला आला. एका रविवारी ते कचेरीतल्या एका मित्राला घेऊन आले आणि म्हणाले, "काकूंची हलकी कोशिंबीर खाऊन बघ. डॉक्टर झक मारतात हिच्यापुढे."

काकू आत आल्या आणि पातेलं ओट्यावर आपटलं. "औषध झालं गं मेल्याला! आता हा शंभर वर्षं जगणार आणि माझ्याकडेच जेवणार."

मला हसू आवरेना. काकू माझ्यावरही रागावल्या.

वसंताला पुढे लालबागला एका छापखान्यात काम मिळालं. पाय ओढतच चालायचा. जिन्यावर त्याची पावलं सारखी वाजत नसत. काकू भाकरी थापता थापता ती ऐकायच्या, आणि तेवढ्यापुरता हात थांबायचा. तीच पावलं साहेबांनाही ऐकू यायची. त्यांचा घास कधी थांबला नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी गिरगावात दिवाळीच होती. काकूंनी केळीची पानं आणली, जिलबी केली, पातेलंभर खमंग काकडी केली. आणि एका वाटीत वेगळी. साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "झालं हो, आपलं राज्य झालं!"

"कुणाचं?" काकूंनी विचारलं. पुडा त्यांनी घेतला नाही. मग माझ्याकडे आला.

पंगत बसली. साहेबांच्या पानावर डाव्या बाजूला काकूंनी ती पाणीदार काकडी स्वतः वाढली.

"आज तरी फोडणीची, काकू. सणाचा दिवस आहे."

"पथ्य आहे तुमचं."

"ते कधीच संपलं. डॉक्टरच म्हणाले."

"माझं नाही संपलं."

वसंता मठ्ठ्याचा तांब्या घेऊन साहेबांच्या समोरच उभा होता, अंग एका पायावर तोलून. साहेबांनी त्या पायाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी त्यांना पाहताना पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. काकूंचा चमचा खमंग काकडीच्या पातेल्यात उभा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विचारलं असतं तर त्यांनी वाढली असती.

साहेब म्हणाले, "माझ्या हातात काही नव्हतं, काकू."

काकूंनी चमचा सोडला. "वसंता, मठ्ठा ठेव. पाण्याचा तांब्या आण आणि साहेबांच्या हातावर पाणी घाल."

तुम्हाला ठाऊकच आहे, हातावर पाणी पडलं की जेवण संपलं. वसंतानं सावकाश पाणी घातलं. साहेबांनी हात पुसला, अर्धं पान तसंच टाकून उठले आणि जिना उतरून गेले. एक उठला की सगळी पंगत उठते, अशी आमच्याकडची रीत. त्या दिवशी कुणीही हललं नाही. टोकाचे आजोबा म्हणाले, "काकू, भात येऊ द्या."

साहेब पुन्हा आले नाहीत. पुढे कधीतरी मी काकूंना विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. अर्धं पान टाकलंन. काकडी काय भाव होती तेव्हा!"

काकू नंतर वसंताकडे शीवला राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. आता डॉक्टरांनी मलाही हलकं खायला सांगितलंय. घरी मी तशीच हलकी कोशिंबीर करते. फोडणी नाही, खोबरं नाही, कूट चमचाभर, लिंबू आणि भरपूर कोथिंबीर. चांगली लागते, हे साहेबांचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. पाहुणे पाटावर बसेपर्यंत मिठाच्या बरणीवर माझाच तळहात असतो, आणि तो मला माझा वाटत नाही.

अपवाद एकच. आमच्याकडे अधूनमधून जेवायला येणारे एक गृहस्थ आहेत. ते येणार असं कळलं, की त्यांच्या वाटीतल्या काकडीला मी दुपारीच मीठ लावून ठेवते.