टीचरचा हात

आमच्या टीचरना पाच मिनिटं सलग खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने पुढे यावं. मी त्याला स्वखर्चाने मिसळ खाऊ घालीन. भाईंदरच्या एका गाळ्यात त्यांचा कम्प्युटर क्लास होता आणि शिकायला आम्ही सगळ्या चाळिशीपुढच्या बायका. टीचर जवळच्याच उत्तनच्या कोळीवाड्यातल्या. बोलताना चालायच्या, चालताना हातातला स्क्रूड्रायव्हर गरागरा फिरवायच्या, मधेच कुणाच्या तरी कीबोर्डवरची धूळ ओढणीने झटकायच्या. बघणाऱ्यालाच चक्कर यायची.

मी गिरगावातून इथे सिल्व्हर पार्कला राहायला आलेली. नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलं, म्हणून मला कामाला लागायचं होतं, आणि कम्प्युटरला तर मी बोट लावायलाही घाबरायचे! पहिल्याच दिवशी टीचरनी मशीनचं झाकण काढून माझ्यापुढे सरकवलं. "घाल हात. बंद हाय, चावत न्हाय." मग एकेक भाग. "ह्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. म्हणू देत. खरा सीपीयू हा आतला, ह्यालाच प्रोसेसर म्हणायचं. विचार करून करून तापतो, म्हणून डोक्यावर पंखा. आणि ही सगळी मंडळी जिच्यावर बसलीत, ती मदरबोर्ड." ज्याचं नाव माहीत नसतं त्याचीच माणसाला भीती वाटते, असं त्या उठताबसता सांगायच्या. बसत कुठे होत्या म्हणा, उठताउठताच!

रॅम आणि हार्ड डिस्क यांत मी कायम घोळ घालायचे. "अगं, कोळीण बाजारात टोपलीत मासळी मांडते ना, ती टोपली म्हणजे रॅम. हाताशी असते, पटकन मिळतं. बाजार उठला की टोपली रिकामी. घरी बर्फाच्या पेटीत ठेवते, ती पेटी म्हणजे हार्ड डिस्क. आता सांग, सेव्ह न करता लाइट गेली तर काय होईल?"

"नासेल," मी म्हटलं.

"नासायलापण उरणार न्हाय!"

दसऱ्याला आमच्या क्लासमधल्या हंसाबेनने मोठ्या हौसेने एका मशीनला झेंडूचा जाडजूड हार घातला, तो नेमका मागच्या पंख्यावर. थोड्या वेळात मशीन तापून बंद. टीचर धावतच आल्या. "बाई, पूजा करायची तर कर, त्याचं नाक कशाला दाबतेस?" आम्ही हसून हसून बेजार. पंख्यातल्या पाकळ्या काढताना टीचरच्या हातातून चिमटा सारखा निसटत होता, ते त्या हशात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

त्यानंतर माझं कशात लक्षच लागेना. मी आपली त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसायचे. हात स्वस्थ ठेवला की कापायचा, म्हणून त्या तो स्वस्थ ठेवतच नव्हत्या. शेवटी एकदा जिन्यात धीर करून विचारलं.

"कंपवात हाय. बरा व्हायचा न्हाय, म्हणतात डॉक्टर. मुलाला कळलं तर म्हणेल, क्लास बंद करा, घरी बसा. आणि मी घरी बसले की मेले, समज. तू तोंड उघडायचं न्हाय."

मी तोंड उघडलं नाही, पण जीव टांगणीला लागला. रोज वाटायचं, आज फुटणार बिंग, आज बंद होणार क्लास. पुढे मला एका दवाखान्यात काम लागलं, तरी संध्याकाळी पाय तिकडेच वळायचे. घरात चैन कुठे पडत होतं?

मग नवी बॅच आली. त्या बायकांसमोर टीचर रॅमची पट्टी बसवून दाखवत होत्या. पट्टी खाचेपाशी जायची, थरथरायची आणि घसरायची. पुन्हा जायची, पुन्हा घसरायची. माझ्यासारखीच सवयीने येऊन बसलेली हंसाबेन हळूच म्हणाली, "टीचर, रहने दो ना."

"क्यों रहने दो? हाथ काँपता है, दिमाग नहीं!" टीचर उसळल्या. पुन्हा पट्टी टेकवली. पुन्हा घसरली. संपलं, मला वाटलं.

टीचरनी माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी पुढे केली. "ये इकडे. आजपासून हात तुझा, बडबड माझी. बघूया कोण क्लास बंद करतो!"

मी पट्टी घेतली. डोळे इतके भरून आले होते, की खाच कुठे आणि पट्टी कुठे, काही दिसेना. टीचर माझ्या कानाशी खेकसल्या, "मला तर आजार हाय. तुझा हात कशाला कापतोय गं?"