फाटकापाशी येणारं हं

हॅलोकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण जो माणूस कानाला फोन लावून जिना उतरतो, फाटकाबाहेर जातो, परत फिरतो आणि लगेच पुन्हा उतरतो, त्याला शेजाऱ्यांनी दुसरं म्हणायचं तरी काय? तळमजल्यावरचा शिंपी तर मशीन थांबवून विचारायचा, "काका, आज कोणाची लाइन कापताय?" काका म्हणायचे, "तुझी कापायला हवी. फार बोलतोस."

काका मूळचे टेलिफोनचे लाइनमन. सगळी उमर खांबावर चढण्यात गेली. रिटायर झाल्यावर फोन पारखणाऱ्या एका कंपनीनं त्यांना काम दिलं. घरात असताना वायफायवरून बोलायचं आणि बाहेर पडलं की आपोआप मोबाइलच्या नेटवर्कवर जायचं, असे फोन हल्ली निघालेत ना, त्यातला कोणता सफाईनं उडी मारतो आणि कोणता मध्येच धडपडतो, ते बघायचं. पद्धत साधी होती. ऑफिसातल्या मॅडमना फोन लावायचा आणि मोठ्यानं आकडे म्हणत घराबाहेर पडायचं. फाटकापाशी वायफाय संपायचं. तिथे मॅडमना किती आकडे ऐकू आले नाहीत, त्यावरून फोनची लायकी ठरायची. कॉल रेकॉर्ड होत आणि मॅडम ते नंतर सावकाश ऐकत.

या खेपेला तीन फोन आले होते. काळा अगदी गुणी, एक आकडा गाळायचा नाही. निळा जरासा अडखळायचा. तिसरा जाडजूड, दिसायला रुबाबदार, पण फाटक आलं की त्याची बोबडी वळायची. आकड्यांमागून आकडे गायब.

जाड्याच्या पहिल्याच फेरीत ते घडलं. काका आकडे म्हणत फाटकाशी पोचले, फोन मुका झाला आणि त्या मुकेपणात कानाशी कुणीतरी म्हणालं, "हं."

काका जागच्या जागी थिजले. मग पुन्हा आलं, "हं. मग?"

तेवढ्यात नेटवर्क लागलं आणि मॅडम म्हणाल्या, "काका, बरेच आकडे गेले हो."

काकांना आकड्यांचं सोयरसुतक नव्हतं.  तो आवाज काकूंचा होता आणि काकू वर, पहिल्या मजल्यावर, खुर्चीत बसलेल्या होत्या. वर्षापूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी परत येण्याची आशा दिली नव्हती. त्या दिवसापासून त्या घरात साधा हुंकार उमटला नव्हता.

आणि त्या हुंकारावर तर काकांचा सगळा संसार चालला होता. काका बोलके, काकू ऐकणाऱ्या. खांबावर बसल्या बसल्या काका तार तपासायच्या निमित्तानं घरी फोन लावायचे आणि साहेबाची फजिती, कुत्रं मागे लागलं, काय वाटेल ते सांगत सुटायचे. पलीकडून काकू म्हणायच्या, "हं. मग?" त्या ‘मग’साठी काका आणखी चार गोष्टी रचून सांगायचे, हे काकूंनाही ठाऊक होतं.

काकांनी काळा फोन लावून बघितला. काही नाही. निळ्यात नुसती खरखर. जाड्यात मात्र दर वेळी, घर सुटलेलं असताना आणि बाहेरचं लागलेलं नसताना, तिथे ती असायची. काकांना भीती वाटायची आणि तरी पाय खाली ओढले जायचे. हळूहळू त्यांनी आकडे सोडून दिले. फाटकापाशी आले की घाईघाईनं सांगायचे, "अगं, शिंप्यानं आज स्वतःचीच बाही उलटी शिवली." की कानात, "हं. मग?" पुन्हा वर दारापर्यंत, पुन्हा खाली. जिन्यात गुडघे बोलायला लागले. वर काकूंची खुर्ची दाराकडे तोंड करून असायची आणि काका उंबऱ्यावरूनच परत फिरायचे, कारण आत गेलं की ती मुकी होती. इथे बोलत होती.

"काका, जाडा फोन नापास," एके दुपारी मॅडम म्हणाल्या. "उद्या परत पाठवा."

 उद्या हा गेला की आवाजही गेला, कायमचा. "आणखी थोडे दिवस ठेवू द्या ना," ते जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले. "नीट पारखून झालेला नाही."

"किती पारखणार? मी काल सगळे कॉल सलग ऐकले. बरं, काकू बोलायला लागल्या हे सांगितलं नाहीत."

काकांनी फाटकाचा गज धरला. "तुम्हालाही येतो आवाज?"

"आधी वाटलं, शेजारचा टीव्ही असेल. पण आकडे गेले की तिथे दर वेळी त्याच असतात."

"हं म्हणते ना? हं, मग?"

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. "‘वर या’ म्हणतात."

काकांनी वर घराकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून तेच आहे, काका. ‘अहो, वर या.’ शेवटच्या काही कॉलमध्ये तर रडताहेत. तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?"

काका जिना चढले. मशीन थांबवून शिंपी काहीतरी म्हणाला, ते त्यांनी ऐकलं नाही. उंबरा ओलांडताना रेंगाळलेल्या फोननं आत्ता कुठे घरचं वायफाय पकडायला उडी मारली आणि तो क्षणभर मुका झाला. काकांच्या कानात काहीच आलं नाही. मॅडमचा आवाज परतला तो बारीक होऊन. "काका... आत्ता त्या म्हणाल्या, ‘आलात?’"

काकूंचे ओठ मिटलेले होते. कोरडे पडून भेगाळले होते. उजव्या, लुळ्या हाताशी सकाळचा चहा तसाच, वर साय धरलेला. कप उचलून तोंडाशी नेणारं कुणी नव्हतं आणि हे काकांच्या सकाळपासून ध्यानातही आलं नव्हतं. काकूंची नजर दारावर होती, किती दिवस होती कोण जाणे.

काकांनी फोन बंद करून खोक्यात घातला. चहा गरम केला, चमच्यानं तिच्या ओठांशी नेला.

"आज काय झालं, ठाऊक आहे?" ते म्हणाले. मग जिथे ‘हं’ यायचं, तिथे थोडे थांबले आणि पुढे सांगू लागले.