कुंकवाचं मेण

दात पुढे असलेल्या मुलीला हसायची चोरी असते, हे मला नात्यातल्या बायकांनी लहानपणीच शिकवलं. बाबांना ते खपायचं नाही. मी आठवीत असताना त्यांनी हट्टाने मला धंतोलीतल्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि माझ्या तोंडात तार बसली. आमच्या शाळेत तार लावलेली मी एकटीच. मुली बघायला गोळा व्हायच्या. बाबा मूळचे कुहीचे, धानाच्या बांध्यांत वाढलेले. म्हणाले, "चांगलं झालं. कुंपण घातलं, आता ढोरं शिरत नाही."

हसू आलं, पण हसता येईना. तारेचं मागचं टोक गालात रुतायचं. दर महिन्याला डॉक्टर तार आवळायचे, की मग वरणभातसुद्धा चाववत नसे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करून जीव विटला. संत्र्याची तर दहशतच बसली. गाल सोललेला असताना एक फोड खाऊन बघा, म्हणजे कळेल. नागपुरात राहून संत्र्याला भिणारी मीच.

शेवटी उपाय आईने काढला. तेव्हा बायका कपाळाला आधी मेणाचं बोट लावत आणि त्यावर कुंकू टेकवत, म्हणजे ते दिवसभर टिकायचं. आईची त्या मेणाची पितळी डबी देवळीत असे. "काहून रडून राहिली वं? आ कर," म्हणत तिने ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी वळली, पदराने तार कोरडी केली आणि टोकावर मेण दाबून बसवलं. टोचणं थांबलं. मग रोज आंघोळीनंतर तिचं कपाळ आणि माझी तार, दोन्ही त्या एका डबीतून भागायचं. आई नखाने अगदी जपून मेण काढायची. डबीचा तळ दिसलेला तिला चालत नसे.

त्याच वर्षी हिवाळ्यात बाबांचं पोट दुखायला लागलं आणि तेही धंतोलीतच एका दवाखान्यात भरती झाले. तार आवळून झाली की मी तशीच त्यांच्याकडे जायची. खाटेवरूनच ते म्हणायचे, "दाखव बरं, किती सरकले?" मी तोंड उघडायची. दात सावकाश सरकत होते आणि बाबा भराभर वाळत होते. मला त्या दातांचा संताप यायचा. एकदा तरी ते सरळ झालेले त्यांनी बघावेत, एवढंच मला हवं होतं.

ते झालं नाही. माझे वरचे दात अजून ओठाबाहेरच होते, तेव्हा बाबा गेले.

तेरवी झाली, पाहुणे परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तार टोचायला लागली, तशी सवयीने मी आईसमोर जाऊन तोंड उघडलं. तिने देवळीतून डबी काढली. झाकण तिने उघडलं नाही. अख्खी डबीच माझ्या हातात ठेवली.

"घे. मले कायले लागते आता?"