समासातली ओळ

"ती ओळ गाण्यातून काढ, ड्वेन!"

"का? सगळ्या गाण्यात तेवढीच तर जिवंत आहे."

"ती कादंबरीतली वाटत नाही."

"तुझ्याच पुस्तकात होती की, लोर्नाबाई!"

हॉक्वियम गावच्या लाकूडगिरणीत फळ्या रचणारी लोर्ना सुट्टीच्या दिवशी ड्वेनच्या गॅरेजात बास गिटार वाजवायची. तीन वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ रसेल नदीत बुडाला, तेव्हापासून ती कुणाशी फारसं बोलत नसे. पाणबुड्याची ती कादंबरी रसेलच्या पुस्तकांतली. लोर्नानं कधी न उघडताच ती ड्वेनला दिली, आणि त्यानं त्या कथेवरून ग्रंज धाटणीचं, कर्कश रॉक गाणं रचलं. आज तिला शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आले : ‘आईला सांगू नका, मला पोहता येत होतं.’

तिनं ड्वेनच्या हातातलं पुस्तक हिसकावून पानं चाळली. एका पानाच्या समासात तीच ओळ, पेन्सिलीनं, रसेलच्या तिरक्या अक्षरात.

ड्वेनचा चेहरा पडला. "मला वाटलं, कुणीतरी वाचकानं... हे रसेलचं?"

"ओंडक्यावरून पाय घसरला, पोहता येत नव्हतं बिचाऱ्याला, असं आई अजून गावभर सांगते. शनिवारच्या कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत बसणारेय."

"अगं, मी एवढा बोंबलतो, शब्द कुणाला कळतात?"

"मला कळले ना!"

ड्वेननं ॲम्प्लिफायर बंद केला. त्याची गुरगुर थांबली.

"मग शनिवारी काय गाऊ? तूच सांग."

लोर्नानं पुस्तक कोटात छातीशी खुपसलं, गिटार भिंतीला टेकवली आणि दार लोटून ती पावसात निघून गेली.