मास्तरीणबाईंचा खुर्च्यांचा बोर्ड

मास्तरीणबाई शाळेत शिकवत नव्हत्या. त्या यंत्रांच्या पोटातले प्रोग्रॅम लिहायला शिकवत. कपडे धुण्याचं मशीन, पाण्याचा पंप, आपोआप उघडणारं फाटक, पावाची भट्टी. ज्या वस्तूला बटण आहे आणि आत नखाएवढी चिप आहे, ती वस्तू त्यांची. कंपनी लहान होती, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. कामावर येणाऱ्याला जिन्यातच ताज्या पावाचा वास गाठायचा आणि घरून खाऊन आलेला माणूस वर पोचेपर्यंत पुन्हा भुकेला व्हायचा.

सासूबाईंना सुनेचं काम नीटसं उमगलेलं नव्हतं. शेजारणीने विचारलं की त्या सांगत, "आमची सून भांड्याकुंड्यांना अक्कल शिकवते." बाईंना हे इतकं आवडलं की नव्या मुलांना त्या पहिल्याच दिवशी ते ऐकवत. नवरा दवाखान्यात परिचारक होता. त्याचं म्हणणं, माणसांना अक्कल शिकवण्यापेक्षा भांडी बरी. "आधी माणसांनाच शिकवावं लागतं," बाई म्हणत. "भांडी त्यांच्याकडून शिकतात."

नवी मुलं कॉलेजातून यायची तेव्हा त्यांना प्रोग्रॅम लिहिता यायचा, पण लॅपटॉपवरचा. लॅपटॉप मोठ्या मनाचा असतो. त्याच्याकडे जागा भरपूर, वेग भरपूर, चार चुका तो पोटात घालतो. चिपचा संसार चिमूटभर. तिला एका वेळी एकच काम, आणि जे सांगितलं तेवढंच. म्हणून बाईंचा नियम असा होता की एकच प्रोग्रॅम लॅपटॉपवरही चालला पाहिजे आणि चिपवरही. जे फक्त त्या चिपपुरतं आहे, ते वेगळ्या कप्प्यात. उद्या चिप बदलली तर कप्पा बदलायचा, घर पाडायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे खुर्च्यांचा बोर्ड. खरा बोर्ड म्हणजे चिप आणि तिचे सोबती जिच्यावर बसवतात ती पट्टी; बाईंचा खुर्च्यांचा.

मीटिंगच्या खोलीतल्या खुर्च्या ओढून बाई गोल मांडत. एका खुर्चीत चिप बसे, तिला त्या कारभारी म्हणत. एकीत सेन्सर, म्हणजे तापमान मोजणारा. एकीत घड्याळ, त्याच्या हातात ठोके द्यायला ताटली आणि चमचा. एकीत हीटर. हीटर चालू म्हणजे दोन्ही हात वर, बंद म्हणजे खाली. मग कारभाऱ्याने हातातला प्रोग्रॅम एकेक ओळ वाचायचा आणि ज्याला जे सांगितलं त्याने तेवढंच करायचं. "अक्कल वापरायची नाही," बाई बजावत. "इथे अक्कल वापरणाऱ्याला मी बाहेर काढते."

दारातून पाहणाऱ्याला वाटावं, चांगली कर्ती माणसं खुळावली आहेत. ताटली वाजते आहे, कुणी हात वर करून बसलं आहे, कुणी एकच वाक्य पुन्हापुन्हा वाचतं आहे. पण ती काम करत होती. जे यंत्र अजून जन्माला आलेलं नव्हतं, ते त्या खोलीत चालत होतं.

त्या खेपेला तिघे होते. घाईबाबा, ज्याची बोटं विचाराच्या आधी पोचायची. पैलवान, दंडाने भक्कम, म्हणून कायमचा हीटर. आणि हळूबाई, जी दिवसाला चार वाक्यं बोलायची आणि त्यातली दोन "चालेल" असायची.

साहेब बाईंपेक्षा वयाने लहान, त्यांना ताई म्हणायचे. माणूस चांगला होता. पण त्यांना हिशेबात बसणाऱ्या गोष्टी आवडत. त्यांनी एक सिम्युलेटर घेतला होता, जो लॅपटॉपवरच खोटी भट्टी उभी करायचा, आणि शिकवण्याचे व्हिडिओ घ्यायचं त्यांच्या मनात होतं.

"ताई, तुमच्या वर्गापायी माझ्या मीटिंगला खुर्च्या नसतात. परवा गिऱ्हाईक उभं होतं."

"उभ्याने मीटिंग लवकर संपते, साहेब."

साहेब हसले, पण मुद्दा सोडला नाही. "स्पष्टच सांगतो. मावशींच्या भट्टीचं काम या तिघांना द्या. नीट झालं तर वर्ग चालू. नाही झालं तर पुढच्या तुकडीला व्हिडिओ, आणि तुम्ही टेस्टिंगच्या टेबलावर."

बाई "बरं" म्हणाल्या. चहा मात्र अर्धाच राहिला.

मावशी म्हणजे खालच्या बेकरीच्या मालकीण. त्यांच्या भट्टीतली जुनी चिप बंद पडली होती आणि तशी आता बाजारात मिळत नव्हती. तिचा प्रोग्रॅम नव्या चिपवर आणायचा होता. जुनी चिप संथ होती. नवी चटपटीत, जुनीच्या कितीतरी पट वेगवान.

तिघांनी कप्पा बदलला. लॅपटॉपवर सगळं चाललं. सिम्युलेटरने हिरवे दिवे दाखवले. मग नव्या चिपचा बोर्ड टेबलावर ठेवून वायरने लॅपटॉपला जोडला. प्रोग्रॅममध्ये जागोजागी बोलक्या ओळी घातल्या, म्हणजे चिप काय करते आहे ते पडद्यावर लिहून येत राहील: आता तापमान विचारलं, आता इतकं आलं, आता हीटर बंद केला. तेही चाललं. बेकरीत काही पडदा नव्हता, भट्टीवर नुसता तापमानाचा आकडा दिसायचा, म्हणून शेवटी घाईबाबाने त्या ओळी काढून टाकल्या आणि बोर्ड खाली नेऊन बसवला.

दुसऱ्या दिवशी मावशी ट्रे घेऊन जिना चढून आल्या.

"हे घ्या तुमचे पाव. कोळसे कमी पडले तर सांगा, खाली आणखी आहेत."

"मावशी, बसा तरी," बाई म्हणाल्या.

"बसते कसली. भट्टी आतून लाल झाली आणि आकडा म्हणतो गार आहे. मी हाताने बंद केली नसती तर बेकरीच भाजून निघाली असती. माझ्या जुन्या बटणाला शिक्षण नव्हतं गं, पण लाज होती."

बोर्ड वर आला. वायर लावली, बोलक्या ओळी परत घातल्या. प्रोग्रॅम शहाण्यासारखा चालला. ओळी काढल्या, की वेडा.

"पाहिलं की गुणी, पाठ फिरवली की वाह्यात," पैलवान म्हणाला. "आमचा धाकटा भाऊ असाच आहे."

"मी काहीच बदललं नाही, मॅडम," घाईबाबा रडवेला झाला होता. "फक्त बडबड काढली."

साहेबांनी सिम्युलेटर पुन्हा चालवून पाहिला. सगळे दिवे हिरवे. दिव्यांकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "मावशी उद्या दुपारी या चिपवर शेवटचा घाणा लावणार आहेत," ते म्हणाले. "नंतर त्या हाताने चालवायच्या जुन्या बटणावर जाणार. ताई, मला वाईट वाटतंय, पण ठरलं ते ठरलं."

घरी जेवताना बाईंचं ताटात लक्ष नव्हतं. सासूबाईंनी कारण काढून घेतलं.

"मग त्या टेबलावर बसून काय करायचं असतं?"

"इतरांच्या चुका शोधायच्या."

"ते तू इथेही करतेस."

नवऱ्याला ठसका लागला. बाईही हसल्या. पण भांडी आवरताना त्यांच्या डोळ्यापुढे ती गोल मांडलेली खोली येत राहिली. चुका शोधणं त्यांना जमलं असतं. हात वर करून बसलेल्या माणसाला एकाएकी सगळं कळतं, तो चेहरा मात्र त्या टेबलावरून दिसला नसता.

सकाळी त्यांनी खुर्च्या मांडल्या. घाईबाबा कारभारी, हळूबाई घड्याळ, पैलवान हीटर. बाई स्वतः पडदा झाल्या, कारण बोलक्या ओळी वाचायला त्यांना आवडायचं. सेन्सर कमी पडला. तेवढ्यात साहेब खुर्च्या मागायला आले.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही सेन्सर."

"ताई, मला मीटिंग आहे."

"सेन्सरला मीटिंग नसते."

त्यांच्यापुढे टाचण्यांची डबी ठेवली. तापमान विचारलं की मूठभर टाचण्या काढून मोजायच्या. मोजून झालं की गार की तापली ते चिठ्ठीवर लिहून ती स्टुलावर ठेवायची. मोजता मोजता पुन्हा विचारलं तर सगळ्या टाचण्या डबीत टाकून पहिल्यापासून. खरा सेन्सर तसंच वागायचा, त्याच्या माहितीपत्रकातच तसं होतं. स्टुलावर सुरुवातीची चिठ्ठी होती: गार.

घाईबाबाने वाचलं, "तापमान विचार." साहेब मोजू लागले. पुढची ओळ पडद्याची. बाई उठून उभ्या राहिल्या आणि लग्नातल्या सूचना द्याव्यात तशा सावकाश म्हणाल्या, "आता, तापमान, विचारलं, आहे." तोवर साहेबांच्या टाचण्या संपल्या आणि चिठ्ठी स्टुलावर आली. घाईबाबाने ती वाचली. पुढच्या काही फेऱ्यांत चिठ्ठीवर "तापली" आलं आणि पैलवानाने हात खाली केले. सगळं बिनबोभाट.

"आता बेकरीत पडदा नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे मी नाही." आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"तापमान विचार. चिठ्ठी वाच. गार. हीटर चालू. तापमान विचार. चिठ्ठी वाच. गार. हीटर चालू. तापमान विचार."

साहेबांनी टाचण्या डबीत टाकल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा टाकल्या. एक बोटाला टोचली. "अरे, मोजू तरी दे."

"सेन्सरला तोंड नसतं, साहेब," बाई म्हणाल्या.

"मॅडम, माझे हात गेले," पैलवान म्हणाला.

"हीटरलाही नसतं."

घाईबाबा सुटला होता. साहेब कपाळावरचा घाम पुसत टाचण्या गोळा करत होते. स्टुलावरची चिठ्ठी तीच होती. चमच्याचा आवाज थांबला.

हळूबाईने चमचा खाली ठेवला. "तो त्यांना मोजूच देत नाहीये," ती म्हणाली. "मॅडमच्या वाक्याला वेळ लागायचा. तेवढ्यात त्यांचं मोजून व्हायचं." मग ताटली मांडीवरून उतरवत, "जुनी चिप मुळातच सावकाश होती. तिला कधी वाक्य लागलंच नाही."

साहेब हातातल्या मूठभर टाचण्यांकडे पाहत होते. बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि त्या भिंतीवरून घसरत खाली बसल्या.

"म्हणजे इतके दिवस," त्या म्हणाल्या, "माझी बडबड भट्टी चालवत होती."

"मग ओळी परत घालू?" घाईबाबाने विचारलं.

"आणि मावशींच्या भट्टीशी जन्मभर गप्पा मारायला कोण बसणार? एकदाच विचार. मोजून झालं की सेन्सर हात वर करेल. तोवर चिठ्ठीला हात लावायचा नाही."

तसं करून पाहिलं. साहेबांनी टाचण्या शांतपणे मोजल्या, चिठ्ठी ठेवली आणि शाळेतल्यासारखा ताठ हात वर केला. मग त्यांनीच विचारलं, "पण हे सिम्युलेटरला का नाही कळलं?"

"त्यातला सेन्सर विचारल्याबरोबर उत्तर देतो. खोटा आहे ना. मोजण्याचा त्रास त्याला कुठे?"

म्हणून तिघांनी प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि लॅपटॉपवरच्या खोट्या सेन्सरलाही सावकाश मोजायला शिकवलं. जुना प्रोग्रॅम त्यावर चालवला. या वेळी सिम्युलेटरचे दिवे लाल झाले. लाल दिवे पाहून टाळ्या वाजवणारी माणसं त्या इमारतीत तेवढीच असतील.

दुपारी सगळे खाली बेकरीत उभे होते. वायर नाही, पडदा नाही. आकडा हळूहळू चढला, ठरलेल्या जागी थांबला, जरा उतरला, पुन्हा चढला. मावशींनी ट्रे बाहेर ओढला. पाव तांबूस झाले होते. त्यांनी एक मोडला, आत पाहिलं, नाकाशी नेला आणि दुसरा घाणा आत ढकलला.

"म्हणजे पसंत?" साहेबांनी विचारलं.

"नापसंत असता तर तुमच्या अंगावर आला असता."

साहेब गरम पाव या हातातून त्या हातात खेळवत बाईंजवळ आले. "ताई, नवी तुकडी येते आहे. वर्ग तुम्हीच घ्या. व्हिडिओ हवे तर मुलं घरी पाहतील." मग आवाज खाली आणून, "पुढचं काम लिफ्टचं आहे. दार कोणाला करणार?"

"अजून ठरवलं नाही."

"मी त्या दिवशी मीटिंग ठेवत नाही," साहेब म्हणाले.

मागून पैलवान म्हणाला की तो काहीही होईल, फक्त त्यात हात वर करायचे नसावेत. हळूबाई म्हणाली, "मग लिफ्ट तू हो. आम्ही आत बसतो."